जोडीनं घेतलेले गडी

मुलांनो, पाट्या बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर एक चित्र डोळ्यांपुढं आणा. जळगावातली पौषातली संध्याकाळ आहे. कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनाचं आवार आहे आणि त्याला उंच भिंत आहे. आत माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. मधोमध चुन्याची रेघ मारलेली आहे. एक गडी दम धरून, तोंडानं ‘हुतुतुतु’ करत रेघेपलीकडं चालला आहे. आवाराच्या दारात काळा कोट घातलेला एक मास्तर उभा आहे. तो तिकिटं फाडतो आहे आणि ओळखीच्या माणसांचे टोमणे ऐकतो आहे. त्या मास्तराच्या जागी स्वतःला उभं करा. जमलं? आता पाय दुखायला लागले असतील. माझेही दुखत होते.

ही गोष्ट सन चौतीस-पस्तीसची. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीला शिकवायचो आणि संध्याकाळी पोरांची कवायत घ्यायचो. आमच्या गल्लीच्या टोकाला मोतीलालशेठ राहायचे. जिन त्यांचाच. कापसाच्या गाठींचा सौदा करायला ते मुंबईला गेले आणि तिथं कोणीतरी त्यांना क्रिकेटचा सामना दाखवायला नेलं. सामन्यातलं त्यांना काहीही कळलं नाही. पण दारावरची रांग मात्र नीट कळली.

परत आल्यावर त्यांनी मला ओट्यावर बोलावलं.

“मास्तर, कापसात काय होतं? राबणारे शंभर आणि घेणारा एक. त्या खेळात राबणारे मोजके आणि पैसे देऊन बघणारे हजारो! शिवाय माल गोदामात सडत नाही. आपण गडी पगारावर ठेवायचे, तिकीट लावायचं, धुळ्याच्या लोकांशी सामने लावायचे. एक सामना इथं, एक तिथं.”

“क्रिकेटचे?” मी विचारलं.

“छे! लाकडं, चेंडू, पांढरी पाटलोण, कोण खर्च करतो? हुतुतू. त्याला लागतं काय?”

मुलांनो, ज्या धंद्याला काही लागत नाही असं शेठ म्हणतात, त्या धंद्याला काय काय लागतं ते आता ऐका.

पहिल्यांदा लागली कमिटी. शेठ अध्यक्ष झाले, गल्लीतले चार प्रतिष्ठित सभासद झाले आणि अक्षर चांगलं म्हणून मी चिटणीस झालो. चिटणीस म्हणजे ज्याला पगार नाही आणि ज्याच्यावर सगळे ओरडतात तो. घरी सांगितलं तेव्हा आमची मंडळी एवढंच म्हणाली, “कोटाची दुसरी बाही उसवली आहे. मोठ्या लोकांत जाताना हात खाली ठेवा.”

मग लागले गडी. पाच गडी जळगावातच मिळाले. दोन तालमीतले, तीन हमाल. पण तिकीट काढून बघायला यावं असा गडी त्यांच्यात एकही नव्हता. तसा गडी पांझरा नदीच्या काठच्या एका खेड्यात होता. त्याचं नाव लोटन. धुळ्याच्या यात्रेत त्याला बघायला लोक झाडावर चढायचे. प्रश्न असा, की त्याला आणायचं कसं? माणूस विकत घेण्याचा अनुभव कमिटीत कोणालाच नव्हता. बैल विकत घेण्याचा सगळ्यांना होता.

इथंच सगळं फसलं. पण त्या वेळी ते कोणालाही चुकीचं वाटलं नाही, कारण पाठीमागं पिढ्यान् पिढ्यांची सवय होती. शेठनी असोद्याच्या झुलालआबांना निरोप धाडला. झुलालआबा बैलांचे दलाल. खानदेशातल्या कुठल्याही बाजारात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी लोटनच्या गावचे भाईदास पाटील यांना गाठलं आणि जळगावच्या बैलबाजारात, कडुलिंबाखाली, सौदा ठरला.

“पाटलांना पैसे कशाचे?” मी भोळेपणानं विचारलं. “गडी तर लोटन आहे.”

“मास्तर, त्याले लहानपनापासून दूध पाजलं गावानं,” झुलालआबा म्हणाले. “आखाडा गावाचा. यात्रेचा मान गावाचा. गडी नेला तं गावाचं नुकसान नाही का?”

मग पाटलांनी आणि आबांनी उपरण्याखाली हात घातले आणि बोटं दाबून भाव ठरवला. बैलाचा भाव चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून माणसाचाही बोलला नाही. लोटन शेजारीच बसून शेंगा खात होता. त्याच्या मांडीवर सात-आठ वर्षांची एक पोर होती. ती बेबा. तिची आई गेलेली होती, म्हणून बाप जाईल तिथं ती. ती त्या उपरण्याकडं टक लावून बघत होती.

भाव ठरला तेव्हा आबांनी पुढची अट सांगितली. “जोडी घ्या लागेन.”

“कसली जोडी?”

“हा लोटन, अन् हा त्याचा भाऊ उखर्डू. जोडी तोडू नका, मास्तर. तोडलेला बैल खात नाही अन् चालत बी नाही. माह्या बापानं बी कधी जोडीतला एकटा इकला नाही.”

मी लोटनकडं बघितलं. तो शांतपणे म्हणाला, “उखर्डूले सोडी मी येवाव नही, मास्तर. आम्ही दोन्ही एकच घर शेतस.” त्यांच्या अहिराणीत ‘शेतस’ म्हणजे आहोत, आहेत.

उखर्डू अंगानं भावापेक्षा दांडगा होता. कमिटी खूश झाली. पुढं कळलं, की त्याला दमा होता. हुतुतू खेळायला जो माणूस घेतला, त्याला रेघेपर्यंत जातानाच धाप लागायची. पण कमिटीनं त्याचे दात बघितले होते आणि दात उत्तम होते.

झुलालआबांनी सौद्यात आणखी एक वाक्य घातलं होतं: ‘वैरणपाणी घेणाऱ्याकडं.’ म्हणजे गड्यांचं जेवण कमिटीनं द्यायचं. शेठना खर्च नको होता, म्हणून त्यांनी युक्ती काढली. गरीब विद्यार्थी जसे वार लावून जेवतात, सोमवारी एकाकडं, मंगळवारी दुसऱ्याकडं, तसे सातही गड्यांचे वार लावून टाकले. विद्यार्थी एक भाकरी खातो आणि लाजत दुसरी मागतो. गडी काय खातो याची कल्पना गल्लीतल्या बायकांना पहिल्या सोमवारी आली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची चवड, वांग्याचं भरीत, वरून तेल, कांदा, आणि पुन्हा भाकरी. शेठच्या शेजारच्या पुष्पाबाई दुसऱ्याच आठवड्यात माझ्या दारात आल्या.

“मास्तर, माझ्या लग्नात एवढं पीठ दळलं नव्हतं. तुमचा खेळ आहे की माझं दुसरं लग्न?”

तिसऱ्या आठवड्यात चार वार आपोआप गळून पडले. हमाल आणि तालमीवाले आपापल्या घरी जेवायला लागले. लोटन, उखर्डू आणि बेबा यांना जळगावात घर नव्हतं. ते आमच्या ओसरीवर आले. चिटणीस कोण? मी.

गल्लीतली पोरं मला ‘बैलमास्तर’ म्हणू लागली. मी शिक्षक माणूस. माझी इभ्रत एका कोटावर आणि एका छडीवर उभी. तिचं काय झालं ते विचारू नका. पण ओसरीवर एक गोष्ट चांगली झाली. संध्याकाळी मी पोरांना पाढे शिकवी तेव्हा बेबा येऊन बसे. ती कमी बोलायची, पण ‘का?’ हा शब्द तिला फार आवडायचा. बे एके बे का? दोन म्हणजे दोनच का? मुलांनो, शिकवणाऱ्याला असं मूल मिळालं, की त्याला पगार वाढल्यासारखं वाटतं.

आता सरकारी परवानगी. तिकीट लावायचं तर म्युनिसिपालिटीचा परवाना हवा. मी अर्ज घेऊन गेलो. कारकुनानं चष्मा पुसला.

“नाटक, तमाशा, सर्कस, जनावरांचे खेळ. यातलं कोणतं?”

“हुतुतू.”

“हुतुतू नावाचा रकाना नाही.”

“मग करा ना एक.”

“रकाना पुण्याहून येतो,” तो म्हणाला. “तमाशात घालू का? फी जास्त आहे, आणि पोलीस बसवावा लागेल.”

मी शेठना विचारायला गेलो. फी कशात कमी, एवढंच शेठनी विचारलं. ती जनावरांच्या खेळात होती. तेव्हा त्या रकान्यात आम्ही गेलो. त्याला एक अट जोडलेली होती: खेळाच्या वेळी ढोरांचा डॉक्टर हजर असला पाहिजे. शेठ म्हणाले, “असू दे. फुकट बघेल बिचारा.”

शेवटी लागली जागा. मैदानावर खेळ ठेवला तर भोवतालच्या झाडांवरून अर्धं गाव फुकट बघणार. म्हणून शेठनी जिनाचं आवार ठरवलं. त्याला भिंत होती. पण आवाराची जमीन गाड्यांच्या चाकांनी दगडासारखी झालेली, जागोजागी मुरूम वर आलेला. मी मऊ माती मागितली, आठ गाड्या. दोन आल्या.

“बाकीचं?” मी विचारलं.

शेठनी गोदामाकडं बोट दाखवलं. “सरकी पसरा. मातीपेक्षा मऊ. आणि खेळ झाला की झाडून परत पोत्यांत भरता येते.”

“शेठ, ती पायाखाली सरकते.”

“म्हणूनच तिला सरकी म्हणतात, मास्तर,” असं म्हणून शेठ हसले आणि कमिटीही हसली. मी चिटणीस असल्यामुळं माझा विरोध मीच कागदावर लिहिला आणि मीच फायलीत ठेवला.

पहिला सामना धुळ्याच्या एका शेठनी तसाच उभा केलेल्या संघाशी होता. दारावर झुंबड. झुलालआबा बैलगाडी जुंपून असोद्याहून माणसं घेऊन आले. लोटन आत उतरला तेव्हा असा गलका झाला, की भिंतीवरची कबुतरं उडाली. तो एकदा जाऊन आला, दोन गडी मारून. दुसऱ्यांदा गेला, तीन गडी मारून आला. शेठ खुर्चीत बसून बोटांवर काही मोजत होते. ढोरांचे डॉक्टर पुढच्या रांगेत बसून माना डोलवत होते.

तिसऱ्यांदा लोटन गेला. समोर दोघंच उरलेले. त्यानं एकाला शिवलं आणि परत फिरण्यासाठी डावा पाय रोवला. पाय सरकीवर पडला. सरकी खालून निसटली, पाय मुरुमात अडकला, आणि उरलेला दांडगा गडी पाठीमागून पूर्ण वजनानं त्याच्यावर आला.

आवाज लांब बसलेल्यांनाही ऐकू गेला. कापसाची वाळलेली पळकाटी मोडावी तसा.

लोटन ओरडला नाही. त्यानं हुतुतू थांबवलं नव्हतं. तो हाताच्या कोपरांवर रेघेकडं सरकत होता. रेघेला हात लावला आणि मग त्याचा दम सुटला.

सगळ्यात आधी धावले ते ढोरांचे डॉक्टर. त्यांनी पाय बघितला, वेळूच्या कामट्या मागवल्या, स्वतःचं धोतर फाडून पट्ट्या केल्या आणि पाय बांधला.

“बैल असता तर काय करायचं ते मला ठाऊक होतं,” ते हळूच म्हणाले. “माणूस आहे. इस्पितळात न्या.”

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बांधणी बघून विचारलं, की हे कुणी केलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “उत्तम केलं आहे. आता होळीपर्यंत हा पाय जमिनीला लागता कामा नये. हाड जुळायच्या आधी एकदा जरी भार दिला, तर हा माणूस पुन्हा कधी नीट चालणार नाही. कळलं?”

कळलं. मला, उखर्डूला आणि दाराशी उभ्या असलेल्या बेबाला.

लोटनला आमच्या ओसरीवर आणलं. दुसऱ्या दिवशी कमिटी भरली. मुलांनो, मोठी माणसं एखाद्या वाईट गोष्टीवर विचार करायला बसतात तेव्हा फार स्वच्छ शब्द वापरतात. एक सभासद म्हणाला, गडी हे भांडवल आहे आणि भांडवल मोडलं. दुसरा म्हणाला, बांधून ठेवलेल्या बैलाचं भाडं कोणी देत नाही, तेव्हा पगार थांबवावा. धुळ्याच्या शेठनी तिकडची तिकिटं आधीच विकली होती आणि लोटन येणार नसेल तर भरपाई मागितली होती. मी म्हणालो, सरकी आपण टाकली. शेठ म्हणाले, “मास्तर, सरकी झाडून परत पोत्यात गेली. तो विषय संपला.”

तेव्हा झुलालआबांनी घसा खाकरला. “बाजाराचा एक कायदा हाय. घेतलेलं जनावर ठरल्या मुदतीत नापसंत झालं, तं परत करता येते. इकणाऱ्यानं पैसे वापस द्यावे.”

शेठ सरळ बसले. “मुदत उरली आहे?”

“पुढच्या बाजारापावेतो.”

मी म्हणालो, “आबा, तो माणूस आहे.”

“माले बी दिसते, मास्तर. पन सौदा तं बैलासारखाच झाला ना? तुमीच केला.” मग त्यांनी पुढं सांगितलं. “एक अडचन हाय. जनावर आपल्या पायानं चालत इकणाऱ्यापर्यंत गेलं पाहिजे. लंगडं उचलून आनून टाकलं, तं इकणारा घेत नाही.”

कमिटीनं निर्णय घेतला. पाटलांकडून पैसे परत आले, की लोटनचा थांबवलेला पगार आणि गावाला जायचं भाडं द्यायचं. नाही आले, तर कमिटी काही देणं लागत नाही. पुढच्या बाजारी कडुलिंबापासून पाटलांपर्यंत दहा पावलं चालायचं, असं आबांनी ठरवून दिलं. दहाच.

हे लोटनला सांगायचं काम चिटणिसाचं. मी सांगितलं आणि लगेच म्हणालो, “तू नाही म्हण. इथंच राहा. जे असेल ते खाऊ.”

लोटननं बोटांवर माणसं मोजली. “मास्तर, तुमना घरमा पाच मानसं शेतस. त्यात आम्ही तीन.” मग म्हणाला, “दहा पावलं मी चालसू.”

“डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

“ऐकं. पण पगार नही मिळना, ते पोर काय खाई?”

आत आमची मंडळी पीठ चाळत होती. चाळण थांबली. बेबा उंबऱ्यावर बसली होती. त्या दिवशी तिनं एकदाही ‘का?’ विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी उखर्डूनं भावाला उचलून गाडीत ठेवलं आणि धापा टाकत शेजारी बसला. बेबा पायाशी. मी मागं. कडुलिंबाखाली कमिटी आलेली होती. शेठनी नवी टोपी घातली होती. दहा पावलांवर, हौदाजवळ, भाईदास पाटील छत्री टेकून उभे होते. बातमी पसरलेली होती, त्यामुळं गर्दीही होती. आणि या वेळी तिकीट नव्हतं. कोणीतरी ओरडलं, “चालीन का रे हा?” दुसरा म्हणाला, “पैज लाव!”

मी शेठपाशी गेलो. “शेठ, पाटलांकडून यायचे पैसे माझ्या शाळेच्या पगारातून घ्या. महिन्याला थोडे थोडे.”

“मास्तर,” शेठ म्हणाले, “तुमच्या पगारातून घ्यायला आधी पगार म्हणावा एवढा पगार लागतो.”

लोक हसले. माझ्या कोटाची उसवलेली बाही वर गेली होती, ती मी खाली घेतली.

पाटील तिकडून म्हणाले, “ये रे लोटन. सवकाश ये. बाजारना कायदा शे, मी काय करू?” ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्या पैशांतून गावच्या आखाड्याचं छप्पर घातलं होतं, आणि छप्पर काढून परत करता येत नाही.

उखर्डूनं लोटनला गाडीतून उतरवून उजव्या पायावर उभं केलं आणि कायद्याप्रमाणं तो बाजूला झाला. लोटननं बांधलेला पाय पुढं टेकवला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. अंगावरचा सदरा एका क्षणात ओला झाला. पण पाय जमिनीवर हलकाच होता. सगळा भार त्यानं अजून मागच्या पायावर धरला होता. आता भार पुढं टाकायचा होता.

तेवढ्यात बेबा गाडीतून खाली उतरली. रडली नाही, धावलीही नाही. ती गर्दीतून नीट चालत बापाजवळ आली, त्याच्या उजव्या पायाच्या पावलावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याच्या पोटरीला मिठी मारली. आता त्याला पाऊल उचलता येईना.

“सोड बेबा,” लोटन म्हणाला.

“नही.”

“पोरीले उचला तिथून,” झुलालआबा म्हणाले. शेठचा नोकर पुढं झाला. त्यानं तिचा दंड धरला, तसा लोटन डुलला. नोकरानं घाबरून हात काढून घेतला, कारण तिला ओढलं तर बाप पडला असता.

“सोड पोरी,” पाटील तिकडून म्हणाले. “दहा पावलंच शेतस.”

बेबानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. मग सगळ्या बाजाराला ऐकू येईल असं विचारलं, “मंग तू का नही येत? तुना ते दोन्ही पाय चांगला शेतस.”

हौदावर एक बैल पाणी पीत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. पाटलांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शेठनी माझ्याकडं बघितलं. मी बेबाकडं बघत होतो.

पाटील निघाले की नाही, हे तिनं बघितलंच नाही. तिनं एक हात सोडवला आणि आपल्या शेजारची माती झाडली. तिथले खडे वेचून बाजूला टाकले. मग पाहुण्याला जागा दाखवावी तशी ती जागा दोनदा थोपटली आणि बापाला म्हणाली, “बशी जा.”